दर्यावर उतरणाऱ्या वाटा कागदावर आणा : पेडण्याच्या किनारपट्टीतल्या पंचायतींना आणि गावकऱ्यांना खुलं पत्र

केरी-तेरेखोल, पालये, हरमल, मांद्रे, मोरजी पंचायतींचे सरपंच, पंच, सचिव आणि ह्या गावांतल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला कोणाला वेळ नसला तरी ती पोचेल. आपल्या गावांतनं दर्यावर उतरणाऱ्या जेवढ्या जुन्या वाटा आहेत, भाटांतनं म्हणजे माडा-काजूंच्या बागांतनं जाणाऱ्या, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेनं जाणाऱ्या, दोन घरांच्या मधनं जाणाऱ्या, त्या सगळ्यांची यादी करा. सर्व्हे नंबरासकट करा. येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचून दाखवा, ठराव घ्या आणि तो ठराव मामलेदाराकडे आणि भू-सर्वेक्षण खात्याकडे पाठवा. उतारे काढायला, टायपिंगला, झेरॉक्सला माणसं लागत असतील तर आम्ही बायका येतो, पंचायतीनं फक्त ठरवावं.

आता हे का लिहितेय ते सांगते.

गेल्या काही वर्षांत आपल्या किनारपट्टीवर काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. शिवोली-चोपड्याचा पूल झाला तेव्हा माणसं यायला लागली, आणि ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हापासून जमिनीचे दर कुठल्या कुठे गेले. ज्याला आपण कालपरवापर्यंत भाट म्हणत होतो, चार माड, दोन काजू, मधे एक बांव म्हणजे विहीर आणि कोपऱ्यात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं घर, त्याला आता सगळे प्लॉट म्हणतात. हे थांबवा असं मी म्हणत नाही, ते माझ्या हातातही नाही आणि खरं सांगायचं तर तुमच्याही पूर्ण हातात नाही. पण ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी गेली की जाताना तिचा आवाजसुद्धा झाला नाही, आणि ती म्हणजे वाट.

वाट एका दिवसात कोणी बंद करत नाही, म्हणून ती लक्षात येत नाही. आधी भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे वारस जमीन विकतात. सेल डीडमधे सर्व्हे नंबर असतो, क्षेत्रफळ असतं, उत्तरेला कोण दक्षिणेला कोण ते असतं, पण मधनं गाव चालतो हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, कारण लिहायची कोणाला गरजच वाटली नव्हती, भाटकार कोणाला अडवत नव्हता आणि जाणारा कोणाला विचारत नव्हता. मग बांधकाम सुरू होतं म्हणून निळे-हिरवे पत्रे लागतात. विचारलं तर सांगतात, काम चालू आहे, वरनं काही पडेल, सेफ्टीसाठी आहे, काम संपलं की काढू. लोक म्हणतात ठीक आहे, थोडे दिवस वळसा घालून जाऊ. एक पावसाळा जातो, दुसरा जातो, वाटेवर रान वाढतं. पत्रे निघतात आणि त्या जागी गेट येतं. गेटवर बाहेरचा एक गरीब पोरगा वॉचमन म्हणून उभा असतो, त्याला गावातलं कोणीच माहीत नसतं, तो म्हणतो इधर से रास्ता नहीं है. त्याच्याशी काय भांडणार? आणि मग कधीतरी कोणीतरी तक्रार करतं, साहेब जागेवर येतात, प्लॅन बघतात, आणि म्हणतात की इथे वाट दिसत नाही.

आमच्या वाड्यावर हेच झालं. जागेचं नाव आणि मालकाचं नाव मी इथे घेत नाही, कारण हे पत्र कोणा एकाच्या विरुद्ध नाही, आणि तो मालक उद्या भेटला तरी मी त्याच्याशी नीटच बोलेन. पण झालं ते असं की माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून ज्या वाटेनं रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरनं मासळीचं जाळं ओढणारी माणसं खाली उतरायची, ती वाट आता एका पार्किंगच्या खाली आहे. दर्या तिथनं हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही मेन रोडनं जाऊन, पे पार्किंगच्या मधनं, शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींच्या खुर्च्या चुकवत वाळूवर पोचतो. तरण्या माणसाला ह्याचं काही वाटणार नाही. पण डोक्यावर पाटी घेतलेल्या, साठीच्या बाईला हा वळसा रोज दोनदा घालावा लागतो.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हल्ली आपल्याच पोरांनासुद्धा ती मोबाईलवरच्या व्हिडिओतनं माहीत असते. दोराचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळं सोडत सोडत आत जाते, दर्यात मोठा अर्धगोल करते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि हळूहळू ओढत एकमेकांच्या जवळ येतात. तासन्‌तास चालतं हे. एकट्या-दुकट्याचं कामच नाही, वीस-पंचवीस माणसं तरी हवीतच, आणि ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो कुठल्या वाड्यावरचा का असेना. तारले असोत, बांगडे असोत, वाटा ठरलेला. आमच्या सासऱ्यांच्या रापणीत विधवा बायकांचे वाटे वेगळे काढून ठेवायचे हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आता तुम्हीच सांगा, ही वीस-पंचवीस माणसं भल्या पहाटे कुठनं येणार? ती मोठं जाळं खांद्यावर घेऊन कुठल्या गेटमधनं जाणार? मासळी लागली तर बर्फाचा टेम्पो कुठपर्यंत येणार? पावसाळ्यात होडी वर काढून खोपीत ठेवायची तर ती खोप कुठे घालणार? रापण बंद पडायला ट्रॉलर कारण आहेत, एलईडी लाइटवाले कारण आहेत, पोरं बोटीवर आणि गल्फात जातात हेही कारण आहे, हे सगळं मला मान्य आहे. पण ज्या वाड्यांवर अजून ओढायला माणसं आहेत आणि तरी रापण सुटत नाही, तिथे जाऊन विचारा, वाटेचं नाव निघतंच.

आणि ह्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी केवढं आंदोलन केलं, माथानी साल्ढाणांसारखी माणसं त्यात पुढे होती, मोर्चे निघाले, उपोषणं झाली, आणि त्यातनं १९८० चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला, यांत्रिकी बोटींनी किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत यायचं नाही अशी हद्द ठरली. पुढे २०१७ साली केंद्रानं एलईडी लावून मासे मारायला बंदी घातली. ह्या नियमांचं पालन किती होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी निदान बोट दाखवायला कागद आहे, कोर्टात उभं राहिलं तर काही हातात आहे. म्हणजे पाण्यातली हद्द कायद्यात आली, पण त्या पाण्यापर्यंत जायची वाट कागदावर आणायची राहून गेली. त्या काळी ती अडवली जाईल असं कोणाच्या मनातही आलं नसणार.

वाट फक्त मासळीसाठी लागते असंही नाही. चवथीला बघा. दीड दिवसाचा गणपती असो की पाच दिवसांचा, आरती करून, घुमट वाजवत, वाड्यावरचे सगळे गणपती एकामागोमाग एक दर्यावर न्यायचे, वाटेत प्रत्येक घरानं निरांजन घेऊन दारात उभं राहायचं. वाटच बंद झाली की हे सगळं बंद होतं. आमच्याकडे आता टेम्पोत गणपती ठेवतात आणि मेन रोडनं ट्रॅफिकमधनं नेतात, म्हातारी माणसं घरीच राहतात, कारण टेम्पोच्या मागे चालणं त्यांना जमत नाही. नारळी पौर्णिमेचा नारळ. तेराव्याच्या आधी दर्यावर करायचे विधी, आणि त्या वेळी घरातली माणसं कशा अवस्थेत असतात ते मी वेगळं सांगायला नको, त्यांना बिकिनीतल्या पर्यटकांच्या खुर्च्यांमधनं वाट काढत जायला लागणं हे आपण गाव म्हणून कसं सहन करतो तेच मला कळत नाही. पर्यटकांचा ह्यात काही दोष नाही. त्यांना तर माहीतही नसतं की हे लोक का आलेत.

आमच्या वाटेच्या वळणावर एक खुरीस म्हणजे क्रूस आहे, मे महिन्यात तिथे लदिन म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना व्हायची, उकडलेले चणे वाटायचे, आम्ही हिंदूंची पोरं सगळ्यात पुढे. त्याच वाटेवर थोडं खाली राखणदार देवाची जागा, एका जुन्या झाडाच्या मुळाशी, तिथे वर्षातनं एकदा नारळ द्यायचा. खुरीस आता कुंपणाच्या आत आहे. वॉचमनला सांगून आत जायला मिळतं, कोणी नाही म्हणत नाही, पण परवानगी मागून लदिन करायची म्हटल्यावर माणसं यायची कमी होतात. आमचे शेजारी हे मला सांगताना रडले. राखणदाराच्या झाडाचं काय झालं ते लिहीत नाही.

बायकांचं एक वेगळं आहे ते पुरुष मंडळींच्या ध्यानात येत नाही म्हणून लिहिते. ओहोटीला तिसऱ्यो आणि खुबे, म्हणजे खायच्या शिंपल्या काढायला जायचं ते सगळं पायवाटांवर अवलंबून, कारण भरती-ओहोटीची वेळ काही आपल्याला सोयीची नसते, कधी पहाटे कधी भर दुपारी, आणि घरातलं काम टाकून तासाभरात जाऊन यायचं असतं. जवळची वाट असली तर बाई जाते. मेन रोडनं फिरून जायचं म्हटलं तर जात नाही, आणि मग जे फुकट मिळत होतं, घरच्या जेवणाला आणि चार पैशांना उपयोगी पडत होतं, ते सुटतं. कुठल्याही सरकारी हिशोबात हे नुकसान दिसत नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण गेलं वर्षभर ह्याच्या मागे लागून जे वाचलं आणि चार जाणत्यांना विचारून खात्री केली तेवढंच लिहिते.

पहिलं म्हणजे दर्याकिनारा कोणाच्या मालकीचा नाही. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी ज्या अटी आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून दोन हॉटेल किंवा रिसॉर्टच्या मधे निदान २० मीटरची मोकळी जागा ठेवायची. वीस मीटर म्हणजे केवढी ते एकदा टेपनं मोजून बघा. आपण तेवढी मागतही नाही, होडी आणि टेम्पो जाईल एवढी मागतोय.

दुसरं, दोनापावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याची केस. तिथे एका मोठ्या हॉटेलच्या विस्तारात लोकांची दर्यावर जायची वाट अडली होती, लोक कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला आणि जानेवारी २००९ मधे सुप्रीम कोर्टानंही तो कायम ठेवला. समुद्रकिनारे, नद्या ह्या सरकारकडे लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून असतात, ते कोणाच्या खासगी फायद्यासाठी बंद करता येत नाहीत, असं त्यात सांगितलंय. पण मला त्या केसमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जमीन देताना जो करार झाला होता त्या करारातच ही वाट लोकांसाठी खुली राहील अशी अट होती, कुठल्या सर्व्हे नंबरातनं जाते तेही होतं. लोकांच्या हातात कागद होता. आपल्या वाड्यांवरच्या वाटांचा असा एक तरी कागद आहे का, मला कोणी दाखवा.

तिसरं, १९६६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा गोव्यात आहे. वापरात असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदाराकडे अर्ज करून अडथळा काढून घेता येतो, त्याला मोठा वकील लागत नाही. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो की वाट होती ह्याला पुरावा काय, कधीपासून होती, कोण कोण जात होतं. आणि अडवल्या अडवल्या लगेच जायला हवं, दोन पावसाळे थांबून नाही. आपण थांबतो, शेजाऱ्याशी वाईटपणा कशाला म्हणून, आणि तोपर्यंत पुरावाच राहत नाही.

ज्यांना ह्या वाटा माहीत आहेत ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ती बोलती आहेत तोपर्यंत त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला पाहिजे, सही-अंगठ्यानिशी. कुठल्या वाटेनं होडी उतरायची, कुठल्या वाटेनं मयत न्यायचे, व्हाळावर साकव कुठे होता, गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात चढा-उतरायला दगड कुठे लावलेले होते. हे सगळं पुरावा आहे. लग्नाच्या, चवथीच्या जुन्या अल्बममधे मागे दिसणारी वाट हा पुरावा आहे. विजेचे जुने खांब बहुतेक वेळा वाटेच्याच कडेनं गेलेले असतात, तोही पुरावा आहे. सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे उतारे काढायला फार खर्च येत नाही, आणि जे मिळत नाही ते २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता सरपंच आणि पंचांना, जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. वाटेचं काही विचारलं की तुमच्याकडनं दरवेळी उत्तर येतं की हा दोन खासगी माणसांचा मामला आहे, पंचायत त्यात पडू शकत नाही. पण बांधकामाचं लायसन्स कोण देतं? पंचायत देते. ऑक्युपन्सी, म्हणजे इमारत वापरायला घ्यायचा दाखला कोण देतं? पंचायत. धंद्याचं लायसन्स, घर नंबर, सगळ्याला पंचायतीचा शिक्का लागतो. लायसन्सचा विषय मासिक बैठकीत येतो तेव्हा कोणीतरी एका पंचानं एवढंच विचारावं की ह्या जागेतनं वाट जाते का, व्हाळ जातो का, जागेवर जाऊन बघितलं का. वाट जात असेल तर ती मोकळी ठेवायची अट लायसन्सवर लिहून द्यावी. एक ओळ लिहायला लागते. ती ओळ असती तर आज आमच्या वाड्यावर पार्किंग थोडं पलीकडे सरकलं असतं, मालकालाही त्रास नव्हता आणि आम्हालाही नव्हता. त्या वेळी तो माणूस प्लॅन बनवतच होता, चार मीटर इकडे तिकडे करणं त्याला काहीच कठीण नव्हतं. भिंत उभी राहिल्यावर ती पाडा म्हणणं सगळ्यांनाच जड जातं, कोर्ट-कचेरीत वर्षं जातात आणि गावात कायमचं वैर बसतं.

व्हाळाचा उल्लेख केला तो उगीच नाही. आपल्याकडच्या कितीतरी वाटा व्हाळाच्या कडेनंच दर्यावर जातात, कारण पाण्यानं आधीच उतार शोधलेला असतो. वाट बुजवताना अर्धा व्हाळही बुजवतात, आणि मग जूनमधे पाणी वरच्या घरांत शिरतं. मग जेसीबी बोलवा, आमदारांना फोन करा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच यादीत घेतल्या तर काम एकदाच होईल.

आणि मोरजी, मांद्रे, आश्वें भागातल्या मंडळींनी अजून एक विचार करावा. आपल्याकडे कासवं अंडी घालायला येतात, मोरजीची ओळख त्यांच्यामुळे जगभर आहे, आणि ती जपायला सुरुवात वनखात्याबरोबर गावच्याच माणसांनी केली. पूर्वी दर्यावर जायच्या लहान लहान वाटा खूप होत्या, त्यामुळे माणसं विखरून जायची आणि वाळूच्या टेंब्यांवर मर्यादवेल, केवडा टिकून राहायचा. आता सगळ्या वाटा बंद होऊन दोन-तीन मोठी तोंडं उरली आहेत, तिथनंच सगळे पर्यटक, सगळ्या गाड्या, सगळे लाइट, आणि टेंबे त्या तोंडाशी पार सपाट झालेत. जुन्या वाटा उघडल्या तर ही गर्दी तरी वाटली जाईल. टेंब्यावर सिमेंट ओतून पेव्हर घाला असं मी म्हणत नाहीय, उलट कृपा करून ते करू नका. पायवाट पायवाटच राहू दे, वर एक साधा बोर्ड लावा की ही सार्वजनिक वाट आहे, पंचायतीच्या ठरावाचा नंबर अमुक.

ज्यांनी इथे जमिनी घेतल्यात, हॉटेल टाकलंय, व्हिला बांधलाय, त्यांच्यातले काही मराठी वाचतात म्हणून त्यांनाही सांगते. तुम्ही पैसे देऊन जमीन घेतली, ती तुमची आहे, त्यात वाद नाही. पण तुम्ही येण्याआधी तिच्यावरनं माणसं चालत होती आणि त्यांना तुमच्या अंगणात यायचं नाहीय, पलीकडे जायचं आहे. तुमच्यापैकी काहींनी स्वतःहून कडेनं वाट सोडलीय, हरमलला अशी एक जागा मी बघितलीय, वाट आहे, कडेला झाडं लावलीत, आणि सकाळी त्याच वाटेनं येणाऱ्या बाईकडनं तिथलं किचन मासळी घेतं. तिथे कधी भांडण झालेलं ऐकलं नाही.

आणि आपल्या माणसांनो, ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना मी काही बोलणार नाही. कोणाला पोरांच्या शिक्षणाला पैसे हवे होते, कोणाकडे भावाभावांचे वाटे होऊन हातात काही उरत नव्हतं, कोणाच्या घरी आजारपण होतं. पण ह्यापुढे विकताना एवढं करा. डीड बनवणाऱ्या वकिलाला सांगा की ह्या जागेतनं वाट जाते, ती अमुक रुंदीची आहे, ती खुली राहील, असं डीडमधे लिही आणि प्लॅनवर दाखव. घेणारा कुरकुर करेल, दोन पैसे कमी देईल कदाचित. पण तुमच्या मागे तुमची भावंडं, शेजारी त्याच वाड्यावर राहणार आहेत.

ग्रामसभेचंही बोलायला हवं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, वर्षातनं चार वेळा रविवारी ग्रामसभा होते, आणि हॉलमधे तेच तेच चेहरे असतात. बाकीचे म्हणतात तिथे फक्त भांडणं होतात, जाऊन काय उपयोग. भांडणं होतात हे खरं आहे, आणि आवाज चढवणारे चार लोक सगळा वेळ खातात हेही खरं आहे. पण १९९४ च्या पंचायत राज कायद्यानं आपल्या हातात जे काही थेट दिलंय ते हेच आहे, तिथे मांडलेला विषय इतिवृत्तात लिहिला जातो, आणि इतिवृत्तात लिहिलेलं पुढे दाखवता येतं. वाटेसाठी तोच तर कागद हवाय. जत्रेच्या नाटकाला आपला सगळा गाव येतो, महिनाभर तालमी करतो, पडदे बांधतो, पहाटेपर्यंत बसतो. एका रविवारी दोन तास यायला आपल्याला जमणार नाही असं मी मानत नाही.

पोरांना एक काम सांगते. तुमच्या मोबाईलमधे जीपीएस आहे. ह्या चवथीला विसर्जनाला जाताना आपल्या वाड्यावरची जी वाट अजून चालू आहे तिच्यावरनं चालत जा, लोकेशन ऑन ठेवून फोटो काढा, सुरुवातीला, मधे, आणि वाळूवर उतरतो तिथे. आजीला बरोबर घ्या आणि तिला बोलतं करा, व्हिडिओ घ्या. जी वाट बंद झालीय ती कुठे बंद झालीय तिथला फोटो काढा. भिंतीवरनं उड्या मारू नका, वॉचमनशी हुज्जत घालू नका, तो पोटासाठी उभा आहे. हे सगळं एकत्र करून पंचायतीत द्या आणि दिल्याची पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का मारलेली पोच.

आमच्या वाड्यावरच्या बायकांनी सुरुवात केलीय. आठ वाटा आतापर्यंत लिहून झाल्या, त्यातल्या तीन पूर्ण बंद आहेत, दोन अर्ध्या बंद, बाकीच्या चालू. प्रत्येकीला जुनं नाव आहे, कोणाची पाणंद, कोणाची उतरण, ती नावंही लिहिलीत. सर्व्हे नंबर लावायचं काम चालू आहे, तलाठी मदत करतो म्हणालाय. आमच्या पंचायतीत अर्ज आम्ही चवथीच्या आधी देणार, विषयपत्रिकेवर घ्या म्हणून, म्हणजे सचिवांना वेळ नव्हता म्हणायला जागा राहणार नाही. दुसऱ्या वाड्यांनी आणि दुसऱ्या गावांनी आपापली यादी करावी, आमच्या अर्जाचा नमुना कोणाला हवा असेल तर आनंदानं देऊ, नाव-नंबर बदलला की झालं.

सरपंचसाहेब, शॅकवाले ऑक्टोबरपासून खांब रोवायला लागतील आणि बांधकामंही पाऊस ओसरला की परत सुरू होतील. ग्रामसभा त्याच महिन्यात आहे. हा विषय पहिल्या पाचात घ्या, शेवटी ठेवू नका, शेवटी ठेवला की तोपर्यंत अर्धा हॉल रिकामा झालेला असतो.

आपली,
मांद्रे मतदारसंघातली एक मतदार, रापणकाराच्या घरची सून